पावागडची सहल : एक सूचना

सहलींचा हंगाम जवळ आला, की शिक्षकांच्या खोलीत 'यंदा मुलांस कोठे न्यावयाचे?' हा प्रश्न हटकून निघतो. आणि बडोद्याच्या शाळांपुरते बोलावयाचे, तर त्याचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. पावागड! अंतर अवघे ५० किलोमीटरांच्या आसपास. सकाळी निघावे, दिवेलागणीस परत यावे. डोंगर आहे, देवीचे स्थान आहे, वर जाण्यास रोपवे आहे. त्यामुळे मुले खूश आणि पालक निर्धास्त. अलीकडे या सोयींत आणखी एकीची भर पडली आहे. बस, न्याहरी, रोपवेचे तिकीट, जेवण आणि सोबत एक मार्गदर्शक असा सारा बेत एका ठोक रकमेत जमवून देणारे व्यावसायिक आता मिळतात. शाळेने केवळ मुलांची यादी द्यावी, बाकी सर्व ते पाहतात. गेली तीन वर्षे आपल्या शाळेची सहल याच रीतीने गेली, आणि तीनही वर्षे मी मुलांबरोबर होते. पुढील वर्षी ती या रीतीने जाऊ नये, असे माझे मत आहे. सहकाऱ्यांपुढे ते तोंडी मांडून झाले. पालक व विद्यार्थी यांच्यापुढेही ते यावे, म्हणून या अंकाचा आश्रय घेत आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. माझा आक्षेप मार्गदर्शकावर नाही. अनोळखी डोंगरावर वाटाड्यावाचून जाणे यात काही मोठेपणा नाही, आणि मुले बरोबर असता तर तो निव्वळ अविचार होय. शिवाय आम्हांस गेल्या वर्षी जो मार्गदर्शक लाभला, तो आजूबाजूच्याच एका गावचा, पंचविशीच्या आतबाहेरचा, अतिशय आदबशीर तरुण होता. बोलून बोलून त्याचा घसा बसला होता. सायंकाळी त्याला आणखी एका बसची व्यवस्था पाहावयाची होती, हे मला मागाहून कळले. जितक्या फेऱ्या तितके पैसे, असा ज्याचा हिशेब, त्याने घाई केली तर त्याला बोल कोणत्या तोंडाने लावावा? आपण त्याच्याकडून डोंगराचा माथा विकत घेतला होता. त्याने तो आपल्याला दाखविला. प्रश्न आहे तो आपण काय विकत घ्यावे, हा.

गेल्या डिसेंबरातील सहलीत मी घड्याळाकडे पाहून वहीत टिपणे केली होती. सकाळी सातला बस निघाली, सायंकाळी साडेसहाला परत आली; म्हणजे एकूण साडेअकरा तास. त्यांपैकी जाण्यायेण्याच्या प्रवासात तीन तास गेले. रोपवेच्या रांगेत, चढताना व उतरताना मिळून, तीन तास. वरच्या पायऱ्या व दर्शनाची रांग यांत दोन तास, न्याहरी-जेवणात दीड तास, माचीवरच्या दुकानांपुढे पाऊण तास, आणि छायाचित्रे काढण्यात अर्धा तास. उरलेला पाऊण तास मुले मोजण्यात गेला. मुले मोजावीच लागतात, त्याविषयी तक्रार नाही. परंतु या हिशेबात 'डोंगर पाहणे' या सदराखाली मांडण्यासारखे मला काही सापडेना. रोपवेतून खालची दरी दिसते खरी. पण तो झुला काही मिनिटांतच वर पोहोचतो, आणि तेवढ्या वेळात मुलांचे लक्ष दरीपेक्षा एकमेकांच्या किंचाळण्याकडे अधिक असते.

ही घाई काही आपल्याच देशाची मिरासदारी नव्हे. जपानात टोकियोहून एका दिवसात फुजी पर्वत 'उरकून' येणाऱ्या प्रवाशांच्या बस रोज सुटतात. त्या पर्वताच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको नावाचे गाव आहे. तेथील एका दुकानाच्या छपरामागे फुजीचे शिखर बरोबर मध्यभागी उभे राहिलेले दिसते. तेवढे एक छायाचित्र टिपण्यासाठी रस्त्यावर इतकी झुंबड उडू लागली, की मे २०२४ मध्ये गावाच्या प्रशासनाने तेथे चक्क एक काळा पडदा उभारून पर्वत झाकून टाकला. पुढे ऑगस्टात तो उतरविण्यात आला. लोक पर्वत पाहण्यास येतात आणि गावकऱ्यांस पर्वतच झाकावा लागतो, अशी ही गंमत आहे. आपल्याकडे पडदा लावण्याची वेळ आलेली नाही. आपण बसच्या खिडकीतून पाहतो आणि पुढे जातो. पडद्याचे काम बसच करते.

त्या खिडकीतून आम्ही जे मागे टाकले, त्याचे नाव चांपानेर. "डाव्या हाताला जुनी मशीद आहे, परतताना वेळ उरला तर पाहू," असे मार्गदर्शक म्हणाला. वेळ उरला नाही. तीन वर्षांत एकदाही उरला नाही. गुजरातेतील ज्या स्थळास युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत सर्वांत आधी, म्हणजे २००४ मध्ये, मान मिळाला, ते हे चांपानेर-पावागड. अहमदाबाद शहराचा क्रमांक त्यानंतर तेरा वर्षांनी लागला. हा मान केवळ माथ्यावरच्या देवळास नाही व केवळ पायथ्याच्या मशिदीसही नाही. डोंगर, किल्ला, तळी, विहिरी, मंदिरे, मशिदी आणि जमिनीत गडप झालेले एक आखीव शहर या सर्वांस मिळून तो आहे. सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये खिची चौहानांकडून हा किल्ला घेतला, पायथ्याशी नवी राजधानी वसविली आणि तिला मुहम्मदाबाद असे नाव दिले. तेथील जामी मशीद पाहिली, की इमारतीची मांडणी एका परंपरेची व कारागिरांचा हात दुसऱ्या परंपरेचा, हे न सांगताही उमगते. कमानी व मिनार यांच्या शेजारी कमळे, वेली, जाळीकाम असे कोरले आहे, की पाथरवटांनी आदल्या वर्षी एखादे देऊळ संपवून हे काम हाती घेतले असावे असे वाटते. पन्नासएक वर्षांच्या वैभवानंतर हे नगर ओसाड पडले, त्यावर रान माजले. आणि त्यावर पुढे दुसरे मोठे शहर उभे न राहिल्यामुळेच ते जसेच्या तसे राहिले. इतिहासाच्या पुस्तकात 'नगररचना' हा शब्द आम्ही फळ्यावर लिहून समजावतो. ती नगररचना येथे चालून पाहता येते. आणि आम्ही ती ताशी साठ किलोमीटरांच्या वेगाने पाहिली!

माचीवर रोपवेच्या रांगेत उभे असताना मार्गदर्शकाने पावागडची प्रसिद्ध दंतकथा सांगितली. नवरात्रात कालिकामाता स्त्रीरूपाने गरब्यात आली, पताई रावळ राजाने तिचा पदर धरला, तिने शाप दिला आणि राज्य गेले. कथा चांगली आहे आणि त्याने ती रंगवूनही सांगितली. दंतकथा सांगू नयेत, या मताची मी नाही. डोंगराला दंतकथा असावी. ती नसली तर डोंगर उघडाबोडका वाटतो. पण पुढे त्याने ओघात असेही सांगितले, की सुलतानाचा वेढा सुमारे वीस महिने चालला होता. त्यावर आठवीच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "वीस महिने ती माणसे वर काय पीत होती?"

मार्गदर्शक हसला, "माताजीची कृपा!" म्हणाला, आणि तेवढ्यात रांग पुढे सरकली.

माझ्या मते त्या दिवसात विचारला गेलेला हा एकच खरा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर त्या मुलीपासून फार तर काही शे पावलांवर होते. पावागड हा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा, सपाट मुलखातून एकदम वर उठलेला एकटा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या ज्या लाव्ह्याने आपला सह्याद्री व दख्खनचे पठार घडविले, त्याच घराण्यातला हा. मात्र त्याच्या माथ्याचा खडक खालच्या काळ्या बेसाल्टाहून वेगळा, रायोलाइट जातीचा आहे, म्हणून भूशास्त्राचे अभ्यासक दुरून येथे येतात. डोंगर सरळ चढत नाही, टप्प्याटप्प्याने चढतो; आणि जेथे जेथे टप्पा आहे, तेथे तेथे माणसाने पाणी अडविले आहे. माथ्याखालच्या मौलिया पठारावर दुधिया तलाव आहे, छासिया तलाव आहे; याच डोंगरावर तेलिया तलावही आहे. दूध, ताक आणि तेल! तळ्यांस घरातल्या भांड्यांची नावे देणारे लोक पाण्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत असतील, याचा विचार मुलांनी करावा. त्याच पठारावर कड्याच्या काठाशी नवलाखा कोठार नावाचे घुमटांचे धान्यागार आहे, जैन मंदिरे आहेत, आणि दहाव्या-अकराव्या शतकातले लकुलीशाचे देऊळ आहे. डोंगरावर आज उभ्या असलेल्या वास्तूंत ते सर्वांत जुने मानले जाते. वीस महिन्यांच्या वेढ्याचे रहस्य ते हे. वर पाणी होते व धान्य होते.

खाली आले तरी पाण्याचाच संसार चालू राहतो. डोंगरावरून उतरणारे पाणी पायथ्याच्या वडा तलावात साठविले आहे. नगरात जागोजागी विहिरी व हौद आहेत. आणि गावाबाहेर एक वाव आहे, जिचा जिना विहिरीच्या गोल भिंतीला बिलगून नागमोडी वळणाने थेट पाण्यापर्यंत उतरतो. ही सोळाव्या शतकातली वाव पाहण्यास अर्धा तास पुरतो. एवढी सुंदर भूमितीची आकृती मी तरी कोणत्या पाठ्यपुस्तकात पाहिली नाही.

वाटाड्याचा विषय निघालाच आहे, तर या डोंगरावरच्या सर्वांत नामांकित चढाईची हकीगतही सांगण्यासारखी आहे. १५३५ मध्ये मोगल बादशहा हुमायूनने चांपानेरला वेढा दिला, तेव्हा किल्ल्यात चोरवाटेने धान्य व तूप पोहोचवून परतणारी काही रानातली माणसे त्याच्या हाती लागली, आणि त्यांच्याकडून कड्याची ती बाजू त्याला कळली, असे अकबरनाम्यात लिहिले आहे. मग रात्री कड्यात लोखंडी मेखा ठोकून निवडक माणसे वर चढली. त्यांत बैरामखान होता व खुद्द बादशहाही होता. कडा चढण्याची गोष्ट निघाली, की आपल्या मनात घोरपड येते. येथे मेखा होत्या, एवढाच काय तो फरक. यातली मेख अशी, की किल्ला अभेद्य होता तो तट-बुरुजांमुळे जितका, तितकाच कोठारांतील अन्नपाण्यामुळे. आणि तो पडला तोही अन्नाच्याच वाटेने.

मराठी शाळेच्या मुलांस आणखीही एक गोष्ट कळावयास हवी होती, आणि ती कोणीच सांगितली नाही. अठराव्या शतकात हा किल्ला मराठ्यांकडे व पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांस परत मिळाला, आणि अखेर १८६१ मध्ये शिंद्यांनी दुसऱ्या मुलखाच्या बदल्यात हा सारा प्रदेश इंग्रजांच्या स्वाधीन केला. 'पंचमहाल' हे जिल्ह्याचे नाव त्या पाच महालांचीच आठवण आहे. आपली मुले घरी ग्वाल्हेरच्या आत्याकडचे लाडू खातात, पण आपल्या गावाजवळच्या या डोंगराचा आणि ग्वाल्हेरचा काही संबंध असेल, हे त्यांच्या गावीही नसते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला, तिकडे येते. विश्वामित्री ही आपल्या शहराची नदी. कमाटी बागेजवळच्या पुलावरून आपण रोज जातो, खालच्या मगरींची चौकशी करतो, उन्हाळ्यात नाकाला रुमाल लावतो. ही नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते. त्या डोंगराच्या उतारांवर पडलेले पावसाचे पाणी ओढ्याओढ्यांनी जमत, वाटेत सपाट शेते ओलांडीत, आपल्या घरांच्या पाठीमागून वाहते. पुढे ढाढर नदीस मिळते व खंभातच्या आखातात जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये या नदीची पातळी शहरात ३५ फुटांच्या वर गेली. तीन-चार दिवस शहराचे मोठे भाग पाण्याखाली होते, अंगणांत मगरी आल्या. आपल्या शाळेतील कित्येक मुलांच्या घरांत छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर शाळा भरली, तेव्हा मुलांनी चिखलाने फुगलेल्या वह्या वाळवून आणल्या होत्या. पाने उलटताना त्यांचा कोरड्या पानांसारखा आवाज होई. सहावीतल्या एका मुलाने मला विचारले होते, की एवढे पाणी येते तरी कोठून.

त्याचे संपूर्ण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मुसळधार पाऊस हे एक कारण. आजव्याचा तलाव भरला, की तेथून सोडावे लागणारे पाणी हे दुसरे. नदीकाठचे सखल भाग व कोतरे, जेथे पूर्वी पुराचे पाणी पसरून विसावत असे, ती बुजवून आपण घरे बांधली, हे तिसरे. आणि माझ्या मते सर्वांत लाजिरवाणे. परंतु उत्तराचे पहिले पाऊल तरी निश्चित आहे, आणि ते त्या डोंगरावर आहे. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी, विजेचा पंप व काँक्रीट यांवाचून, त्याच डोंगरावर पडणारे पाणी टप्प्याटप्प्यावर थांबविले, साठविले आणि पुरवून वापरले. आपण त्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो. आपली मुले दरवर्षी त्या तळ्यांजवळून जातात, आणि त्या दोन गोष्टींची गाठ त्यांच्या मनात कोणी घालून देत नाही. आजव्याचा तलाव सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधला गेला, हे पाठ्यपुस्तकातून मुले पाठ करतात. त्या तलावाच्या पलीकडे क्षितिजावर जो निळसर उंचवटा दिसतो तो कोणता, हे विचारले तर वर्गात चार हात वर होतात.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे, आणि तो लिहिताना लेखणी थोडी अडखळते. सहलीच्या वर्गणीची वही माझ्याकडे असते. दरवर्षी त्या वहीत काही नावांपुढे रकाना कोरा राहतो. विचारले, तर "बाई, घरी काम आहे," असे उत्तर येते. ते काम कोणते, हे वर्गातील प्रत्येकास ठाऊक असते, आणि कोणी काही बोलत नाही. सहलीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात रोपवेच्या गप्पा रंगतात, तेव्हा ही मुले वहीत डोके घालून बसतात. शाळेच्या निधीतून त्यांचे पैसे भरण्याची तयारी आहे. पण ते घेण्यास ती व त्यांचे पालक संकोचतात, आणि त्यांचा संकोच मला मान्य आहे. वर्गणीच कमी झाली, तर संकोचाचे कारण राहत नाही. ठोक रकमेतून व्यावसायिकाचा नफा व रोपवेचे तिकीट वजा केले, जेवणाऐवजी घरून डबे नेले, तर उरतो तो मुख्यतः बसचा खर्च. चांपानेरच्या संरक्षित वास्तूंत १५ वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क नाही, हेही ध्यानात घ्यावे.

यावर आक्षेप येतील. काही आलेही आहेत. मुलांस चढवणार का, हा पहिला. माचीपर्यंत बस जाते. तेथून माथा हजाराहून अधिक पायऱ्यांचा आहे, आणि त्या पायऱ्यांवरून सत्तरीच्या आजी अनवाणी चढताना मी पाहिल्या आहेत. आपली मुले पाठीवर जे दप्तर घेऊन रोज तिसऱ्या मजल्यावर येतात, ते दप्तर घरी ठेवले, तर त्यांना मौलिया पठार गाठणे अवघड जाऊ नये. ज्या मुलांस प्रकृतीमुळे चढणे शक्य नाही, त्यांच्यासाठी, आणि ज्या शिक्षकांचे गुडघे सेवेस नकार देतात त्यांच्यासाठीही, रोपवे आहेच. १९८६ पासून तो आहे आणि वृद्ध-अपंगांस त्याने माथा आवाक्यात आणून दिला, हे त्याचे ऋण कोणी नाकारू नये. माझे म्हणणे एवढेच, की ज्याला पाय आहेत त्याने रांगेत तीन तास उभे राहण्याऐवजी ते तीन तास चालावे. धोक्याचा मुद्दा काढणाऱ्यांस मी आठवण देते, की सप्टेंबर २०२५ मध्ये याच डोंगरावर बांधकामाचे सामान वाहून नेणाऱ्या रोपवेला अपघात होऊन सहा जणांचे प्राण गेले. तो प्रवासी रोपवे नव्हता आणि त्यावरून प्रवासी रोपवेस दोष देणे योग्य नाही. परंतु यंत्र आले म्हणजे धोका गेला, असेही कोणी समजू नये. माथ्यावरची प्रत्येक फरशी कोणीतरी वर नेलेली असते.

दुसरा आक्षेप असा, की देवीचे दर्शन चुकेल. ते चुकू नये. ज्यांस माथ्यावर जाऊन दर्शन घ्यावयाचे, त्यांनी अवश्य घ्यावे. शतकानुशतके लोक त्यासाठीच हा डोंगर चढत आले आहेत. २०२२ मध्ये मंदिराचा जीर्णोद्धार होऊन नवे शिखरही उभे राहिले. नवरात्राची व रविवारची गर्दी टाळली, तर दर्शनासही दोन तास लागणार नाहीत.

तिसरा आक्षेप मुलांचाच आहे, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. "बाई, रोपवे नसेल तर मजा काय?" यावर माझ्याजवळ युक्तिवाद नाही. दरीवर अधांतरी झुलण्याची मजा मोठी आहे, हे मलाही कबूल आहे. त्यासाठी कुटुंबाबरोबर जावे, मामांकडे हट्ट धरावा. शाळेने मात्र जेथे मामा नेणार नाहीत, तेथे न्यावे.

तेव्हा प्रत्यक्ष बेत असा असावा. सहल दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, आठवड्याच्या मधल्या वारी काढावी. त्या वेळी तळ्यांत पाणी असते व ऊन सोसवते. सकाळी निघताच बस प्रथम विश्वामित्रीच्या पुलाजवळ दहा मिनिटे थांबवावी. मुलांनी उतरून नदी पाहावी, म्हणजे दिवसभर आपण कोणाच्या माहेरी चाललो आहोत, हे त्यांना कळेल. त्यानंतर थेट चांपानेर. तेथे दोन तास. जामी मशीद आणि नागमोडी वाव या दोनच गोष्टी, पण पोटभर. मग माची, डबे, आणि पायी मौलिया पठार. परतताना दुकानांसाठी पंधरा मिनिटे, अधिक नाही. खेळणी बडोद्यातही मिळतात.

मार्गदर्शक अवश्य घ्यावा. तो तिथल्याच गावचा असावा, आणि शाळेने त्याला मधल्या कोणाच्या हातून नव्हे तर स्वतः, पूर्ण दिवसाचा मेहनताना द्यावा, म्हणजे सायंकाळची दुसरी बस त्याच्या मानेवर बसणार नाही. त्याला रानातल्या वाटा, झाडांची नावे, कोणत्या ओढ्याला पाणी केव्हा येते, हे आपल्यापेक्षा शतपट ठाऊक असणार. आजवर ते त्याला कोणी विचारलेच नाही. उरलेली माहिती नववीच्या मुलामुलींनी सांगावी. एकेका जागेचा एकेका गटाने आधी अभ्यास करावा, नकाशा काढावा, आणि त्या जागी उभे राहून खालच्या वर्गांस दहा मिनिटांत सांगावे. वेढा, धान्याचे कोठार, लकुलीशाचे देऊळ, शिंद्यांचा काळ, खडक, नदी असे विषय वाटून देता येतील. ग्रंथालयातील पुस्तकांची यादी करून देण्याचे काम मी घेते. कोणी चुकले तर जागच्या जागी दुरुस्त करता येईल. बसलेल्या घशाच्या एका माणसामागे दीडशे मुले धावण्यापेक्षा हे बरे.

वर्गणीची वही जूनमध्ये शाळा उघडताच ठेवली जाईल, आणि रक्कम पाच हप्त्यांत भरता येईल. तशी अनुमती मुख्याध्यापकांनी दिली आहे. मार्गाविषयीचा निर्णय मात्र पालकसभेत व्हावयाचा आहे. पालकांनी आपले मत लेखी कळविल्यास बरे.

वेढ्यातली माणसे काय पीत होती हे विचारणारी ती मुलगी पुढील वर्षी नववीत असेल. दुधिया तलावाची जागा तिच्या गटाकडे सोपवावी, असे मी सुचविले आहे.